ख्रिस्तयाग आणि आपलं प्रायश्चित्त

फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून (१६१६) मराठी ही कथा सांगते आहे. मिस्सालाही आपण ‘ख्रिस्तयाग’ म्हणतो. यागात माणूस देवाला अर्पण करतो. इथे ख्रिस्त स्वतःलाच देतो. म्हणून क्रूस म्हणजे चिडलेल्या देवाला दिलेली लाच, हे मला पटत नाही. देणारा देवच आहे!

मग आपण काय करायचं? उपवासकाळात हैदराबादेत राहून बिर्याणी सोडणं कठीणच, मान्य. पण लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय बघा. येशूने आधी त्याच्या घरी मुक्काम ठरवला. लुबाडलेलं चौपट परत करायची भाषा जक्कयने नंतर केली. क्षमा आधी, भरपाई मागून. पण भरपाई चुकत नाही. ज्याचं बुडवलं त्याला काहीच परत न देता नुसतं मटण सोडलं, तर त्याला प्रायश्चित्त कसं म्हणायचं?