आजोबांचे पदक आणि नंबरचा फेरा

महार रेजिमेंटची पहिली पलटण १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. दुसरी पलटण पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात तेथे लढलेल्यांसाठी ब्रिटिश सरकारने ‘बर्मा स्टार’ हे पदक ठेवले होते. पण युद्ध संपले, शिपाई घरी आले आणि पोटापाण्याला लागले. पदक मागायचे राहूनच गेले.

आता बिबवेवाडीतली नातवंडे ते मागतात. अशा एका कुटुंबाचे अर्ज आम्ही लिहून दिले. पदक इंग्रजांचे, म्हणून आधी लंडनकडे पाहिले. पण हिंदी शिपायांचे दप्तर १९४७ नंतर इथल्याच लष्कराकडे राहिले. इथे विचारले तर पहिला प्रश्न, “आर्मी नंबर काय?” डिस्चार्ज बुक १९६१ च्या पानशेतच्या पुरात वाहून गेलेले! शिवाय पलटणीत आडनाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. लढलेल्या माणसाच्या वारसांनाच तो लढला हे सिद्ध करावे लागते.

म्हणून बांधवांनो, जुनी ट्रंक उघडा. पत्र, मनिऑर्डरची पावती, फोटोची मागची बाजू, कुठेही नंबर सापडू शकतो. नावात फरक असल्यास प्रतिज्ञापत्र करा, वारसाचा पुरावा जोडा. नंबर, हुद्दा, पलटण लिहून सागर (मध्य प्रदेश) येथील महार रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. मूळ कागद मात्र कोणालाही देऊ नका, झेरॉक्सच द्या.