भेग ग्रेडने थांबत नाही

पहिला पाऊस झाला की गच्चीच्या गळतीचे फोन सुरू होतात आणि बोल लागतो वॉटरप्रूफिंगवाल्याला. यातल्या बऱ्याच गळतींचे मूळ एप्रिल-मेच्या उन्हात असते. दिवसा तापलेला स्लॅब पसरतो, रात्री आखडतो. खालच्या विटांच्या भिंती सावलीत असतात आणि विटेचे प्रसरणही काँक्रीटपेक्षा कमी. म्हणून स्लॅबखाली आडवी भेग आणि टोकाकडच्या आडभिंतींत तिरकी भेग, ही जोडी ठरलेली.

अशी तक्रार आली की 'पुढच्या कामाला एम २५ ऐवजी एम ३० घ्या' असा सल्ला साइटवर हमखास मिळतो. तो तपासून पाहू. मोकळा स्लॅब कितीही तापला तरी एकसारखे तापमान असेल तर त्यात ताण येत नाही; ताण येतो तो अडवल्यामुळे. पूर्ण अडवलेल्या काँक्रीटमध्ये ताण म्हणजे लवचिकता गुणांक, प्रसरणांक आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार. आयएस ४५६ नुसार लवचिकता गुणांक ५००० गुणिले ग्रेडचे वर्गमूळ, आणि तडकण्याची मर्यादा ०.७ गुणिले तेच वर्गमूळ. दोन्ही समोरासमोर मांडले की वर्गमूळ कटते. उरते ०.७ भागिले ५०००, म्हणजे ०.०००१४. ग्रेड कोणताही असो, काँक्रीटला एवढेच आखडणे अडवलेले सोसते. उलट ग्रेडपायी सिमेंट वाढवले तर वाळताना होणारे आकुंचन वाढण्याची भीती असते, ते वेगळेच.

फरक पडतो खडीने. आपल्याकडची काळी खडी बेसाल्टची. त्याच कोडमध्ये बेसाल्टच्या काँक्रीटचा प्रसरणांक अंशाला लांबीच्या एक लाखाव्या भागाच्या ०.८ ते ०.९५ पट दिला आहे, क्वार्ट्झाइटचा १.२ ते १.३ पट. हिशेब केला तर बेसाल्टचे काँक्रीट साधारण १५ अंशांनी थंड होईपर्यंत टिकते, क्वार्ट्झाइटचे ११ अंशांपर्यंतच. क्रीपमुळे प्रत्यक्षात थोडी सवलत मिळते, पण ताण सावकाश चढला तरच. तापलेल्या गच्चीवर वळवाची सर कोसळते तेव्हा वरचा थर मिनिटांत गार होतो, पोट गरमच राहते. तिथे क्रीपला वेळच मिळत नाही.

तापमानाच्या सळईबद्दलही गैरसमज आहे. एचवायएसडी सळईचे किमान ०.१२ टक्के प्रमाण भेग रोखत नाही. एका रुंद भेगेच्या चार बारीक भेगा करते. तेही थोडे नव्हे, पण मूळ दुखणे अडवणुकीचेच आहे. भारवाही भिंतीच्या माथ्यावर गुळगुळीत गिलावा करून त्यावर टार फेल्टचे दोन थर द्यावेत, स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात तिथे प्लास्टरमध्ये खाच सोडावी, पॅरापेटला स्वतःचे सांधे द्यावेत. खर्च किरकोळ, पण ड्रॉइंगवर दाखवले नसेल तर गवंडी ते करणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही. कोड ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला एक्स्पान्शन जॉइंट सुचवतो म्हणून ३० मीटरवर काहीच करायचे नाही, हा सोयीचा अर्थ झाला. ३० मीटरचा स्लॅब २५ अंशांनी तापला तर प्रत्येक टोक तीन मिलिमीटरहून जास्त सरकू पाहते. स्लॅबवर कोबा आणि वर पांढरे चायना मोझॅक असेल तर तो मुळात तापतोच कमी.

पडलेल्या भेगेत सिमेंटचा घोल भरणे मात्र थांबवा. भेग हलती आहे. पहाटे भरलेला कडक मसाला दुपारी चेपतो, दुपारी भरलेला रात्री सुटतो. भरण्याआधी तिची रुंदी पहाटे आणि दुपारी तीनला, दोनदा मोजा. सिलंट निवडायचे ते या दोन मापांतल्या फरकावरून. डब्यावरच्या वर्षांच्या गॅरंटीवरून नव्हे.