गिटारचं माप कोणाच्या अंगाचं?

मानोऱ्यात आणि आसपासच्या तांड्यांवर आपल्या सभांमधली गाणी होतात ती डफ, ढोलकी आणि टाळ्यांवर. आता कॉलेजात जाणाऱ्या मुली म्हणतात, आम्हाला गिटार हवी. हवीच! पण दुकानात त्यांच्या हाती जी गिटार दिली जाते, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार म्हटलं की बहुधा 'ड्रेडनॉट' पुढे केली जाते. नाव १९०६ च्या ब्रिटिश युद्धनौकेवरून आलेलं, यावरूनच काय ते समजा. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने हा आकार १९१६ मध्ये एका विक्रेत्यासाठी बनवला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकला. खर्ज दमदार, आवाज दणदणीत. पण पोट खालच्या बाजूला साडेपंधरा इंचांहून रुंद आणि जवळजवळ पाच इंच खोल.

बुटक्या, अरुंद खांद्यांच्या मुलीने ती मांडीवर घेतली की उजवा हात त्या पोटावरून पलीकडे नेताना खांदा वर चढतो. काठ छातीला रुततो. तो टाळायला ती गिटार तिरपी धरते, मग डाव्या हाताची बोटं बघायला मान खाली घालते. अर्ध्या तासात मान, खांदा, पाठ सगळं भरून येतं. छातीचा विषय दुकानात कोण काढणार? त्यापेक्षा सोपं निदान म्हणजे, "तुझे हात लहान, हे तुझं वाद्य नव्हे." घरच्यांनी पैसे साठवून घेतलेली गिटार खुंटीला लागते आणि दोष मुलीच्या अंगाला.

लहान पोटाच्या गिटारी आहेत, जुन्या काळापासून आहेत. मार्टिनच्याच मापांत तीन शून्य, दोन शून्य, एक शून्य असे उतरते आकार असतात. तीन शून्यची रुंदी १५ इंच आणि खोली चार इंचांच्या जरा वर, एक शून्यची रुंदी साडेतेरा इंच. खर्ज कमी होतो हे खरं, पण आवाज गळ्यावर चढून बसत नाही. सभेत माईक असतोच. आणि लहान म्हणजे शिकाऊ, हेही खोटं. जोन बाएझ वर्षानुवर्षं एक शून्य मापाची जुनी मार्टिन वाजवत होती. पुढे १९९८ मध्ये कंपनीने तिच्या नावाने तसंच मॉडेल काढलं.

मात्र यांना 'लेडीज गिटार' म्हणायला माझा विरोध आहे. मिरजेचे तंबोरे मर्दानी आणि जनानी म्हणवतात, पण तिथे निदान गळ्याच्या पट्टीचा संबंध असतो. इथे प्रश्न फक्त अंगाचा आहे, आणि बुटके पुरुषही असतात. धिप्पाड बाईला ड्रेडनॉट आवडली तर तिने खुशाल घ्यावी.

मंडळासाठी एकच गिटार घेणार असाल तर दोन किंवा तीन शून्याची घ्या. उंच बाई ती वाजवू शकते, बुटकीला मोठी झेपत नाही. तारा हलक्या, म्हणजे 'लाइट' किंवा 'एक्स्ट्रा लाइट' मागा. अकोल्याला किंवा अमरावतीला जाताना मंडळातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात उंच, अशा दोघींना न्या. हात नसलेल्या खुर्चीवर प्रत्येकीला पंधरा मिनिटं बसवा, खांदे सरळ राहतात का ते तिसरीने बघावं. दुकानदार घाई करेल. करू दे.