नेट संथ आहे? आधी मोजा, मग सेटिंग बदला

पूर्वी घरात टीव्हीच्या रिमोटवरून भांडणे व्हायची, आता नेटवरून होतात. गेल्या महिन्यात आमच्याकडे थोरल्या मुलीचा ऑनलाइन सराव पेपर अर्ध्यावरच अडकला. वेळ संपली, पोरगी रडकुंडीला आली. अब्बांनी निकाल देऊन टाकला, "कंपनी बदला!" आम्ही म्हटले, आधी दोष कुठे आहे ते तर पाहू.

लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला, सगळ्यांच्या मोबाइलचे वायफाय बंद केले आणि स्पीड टेस्ट घेतली. आमचा प्लॅन 100 एमबीपीएसचा. केबलवर 94 आले, वायफायवर जेमतेम 18. म्हणजे कंपनीकडून नेट पुरेसे येत होते, ते घरातच अडत होते.

मग तीन गोष्टी केल्या. लोखंडी कपाटामागचा राउटर उंच, मोकळ्या जागी ठेवला. लॅपटॉप 2.4 ऐवजी 5 गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडला. हे वायफाय वेगवान असते, पण भिंतींपलीकडे लवकर मंदावते. लांबच्या खोलीत 2.4 च बरे. तिसरे, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथून अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन उघडले. अपडेटने किती नेट वापरायचे, याची मर्यादा तिथे घालता येते. आपल्या संगणकावरून इतरांना अपडेट पाठवणेही बंद करता येते.

मोबाइलवर फिरणाऱ्या 'युक्त्यां'पासून मात्र सावध राहा. विंडोज 20 टक्के वेग कायम अडवून ठेवते, हे खरे नाही. डीएनएसमध्ये 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 टाकल्याने साइटचा पत्ता लवकर सापडू शकतो, पण फाइल उतरण्याचा वेग त्याने वाढत नाही. वेग दुप्पट करून देणारी फुकट सॉफ्टवेअर तर घेऊच नका; प्लॅनपेक्षा जास्त वेग कुठलेच सेटिंग देत नाही.

एक हिशेबही लक्षात असू द्या. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 100 एमबीपीएसवर फाइल सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरते. तेवढी उतरत असेल तर तक्रारीला जागा नाही. केबलवरही वेग कमी आला, तर वेगवेगळ्या वेळचे आकडे लिहून ठेवा आणि ते दाखवूनच कंपनीकडे तक्रार करा.

पुढचा पेपर मुलीने न अडकता पूर्ण केला. तो संपेपर्यंत अब्बांनीही आपणहून मोबाइलवरच्या बातम्या बंद ठेवल्या होत्या.