पस्ताव्याचा हट्ट

ट्रान्स पुरुषांच्या छातीच्या शस्त्रक्रियेवर एका विद्वानांनी नुकताच निकाल देऊन टाकला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: निरोगी अवयव काढून घेतल्यावर माणूस 'समाधानी आहे' याखेरीज दुसरं काय सांगणार? हे समाधान म्हणजे मनाची समजूत. पस्तावा मागाहून येणारच.

या समजुतीलाच आधी हात घालतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ही शस्त्रक्रिया होऊन किमान 2 वर्षं झालेल्या 235 जणांना प्रश्न विचारले गेले, 139 जणांनी उत्तरं दिली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात समाधानाचा मध्यक 5 पैकी 5 निघाला, पस्ताव्याचा 100 पैकी 0. आता मनाची समजूतच असे आकडे घडवत असेल, तर ती गुडघ्याच्या रुग्णांतही दिसायला हवी. गुडघा बदलणाराही लाखो रुपये मोजतो, महिनोन्महिने कण्हतो, जुना गुडघा त्यालाही परत मिळत नाही. तरी अशा रुग्णांपैकी साधारण पाचांतला एक जण 'समाधान नाही' असं तोंडावर सांगतो. नाराज माणसं बोलतात! मग गुडघेवाल्याचं गाऱ्हाणं खरं आणि ट्रान्स पुरुषाचा आनंद तेवढा भ्रम, हे कुठलं शास्त्र? त्याने पस्तावा सांगितला तर तो पुरावा, समाधान सांगितलं तर ती समजूत. असा न्याय लावणाऱ्याने प्रश्न विचारूच नयेत.

मिशिगनच्या अभ्यासात उत्तर न देणारे पस्तावलेले असतील? काही असतीलही, सगळे तसेच धरायला आधार काय?

आणि निरोगी अवयवाचा हा कळवळा सर्वांसाठी सारखा कुठे आहे? छाती वाढलेल्या मुलांची गायनेकोमॅस्टियाची शस्त्रक्रिया आपल्याकडे सर्रास होते. तिथेही बहुतेकदा काही आजार नसतो. चारचौघांत शर्ट काढायची लाज वाटते, एवढं कारण पुरतं. त्या मुलांच्या पस्ताव्याचं भाकीत कोणी करत नाही. हे मी वर्षानुवर्षं सांगतो आहे आणि दर वेळी विषय बदलला जातो.

माझं म्हणणं असं: ट्रान्स पुरुषांच्या या शस्त्रक्रियेचा हेतूच रुग्णाचं समाधान आहे, म्हणून तेच मोजायचं. बाइंडर या घट्ट कपड्याने छाती आवळून, बरगड्या दुखवून जगणाऱ्याला आता मोकळा श्वास घेता येतो का, हे तोच सांगू शकतो. व्रण राहतात, स्तनाग्रांची संवेदना जाऊ शकते, रक्त साकळलं तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. हे सगळं आधी स्पष्ट सांगावं. दहा आणि वीस वर्षांनीही त्याला विचारावं, आणि तो देईल ते उत्तर तसंच लिहून घ्यावं.