सवलत नव्हे, हक्क!

विद्यापीठाचे दार सर्वांना खुले आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या दारापुढे दहा पायऱ्या असतील आणि बाजूस उतरण नसेल, तर चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या विद्यार्थ्यास ते बंदच नव्हे काय?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. सरकारी सेवेत असता अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढता येणार नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद दिले पाहिजे, असेही बजावले.

पण जागा मिळाली म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे. अंधास प्रवेश दिला आणि ग्रंथालयात ब्रेल पुस्तक नाही. कर्णबधिरास वर्गात बसविले आणि खुणांच्या भाषेचा दुभाषी नाही, तर तो प्रवेश कागदोपत्रीच! ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात हेच स्पष्ट केले. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवारास केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. आवश्यक सोय नाकारणे हाच भेदभाव, असा तो निकाल आहे.

परीक्षा तोंडावर आली असता विद्यार्थ्याने लेखनिकासाठी दारोदार हिंडावे, ही लाजिरवाणी गोष्ट होय. विद्यापीठांनी प्रवेशाच्या दिवशीच त्याची गरज नोंदवावी, ती भागविण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर टाकावी आणि अंदाजपत्रकात तशी तरतूद करावी. येथे कोणी दयेची याचना करीत नाही. कायद्याने दिलेले पदरात पडावे, एवढीच मागणी आहे.