फोन मंद, दोष डोळ्यांना

गेल्या महिन्यात चार दिवस सांगलीला जाऊन आले. पहिल्याच सकाळी बघते तर बाबा फोन घेऊन खिडकीशी उभे. फोन जवळ धरतायत, लांब धरतायत, चष्मा काढून सदऱ्याला पुसतायत, परत घालतायत. म्हटलं, "काय झालं बाबा?" तर म्हणाले, "काही नाही गं, मेसेज बघतोय."

खरं काय ते आईने स्वयंपाकघरात सांगितलं, तेही आवाज खाली घेऊन. तीन आठवडे झाले, बाबांना फोनवरचं धड दिसत नाहीये. 'पोरांना सांगू नकोस' अशी तंबी. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यात पुन्हा पडदा आला असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलेलं. आता ही भीती अगदीच वेडेपणाची नाही. ऑपरेशननंतर काही जणांना बसवलेल्या भिंगामागचं पातळ आवरण काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धुरकट होतं आणि ते लेसरने मोकळं करावं लागतं. हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं आणि बाबांनी ते नीट लक्षात ठेवलं होतं. पुढचा हिशोबही त्यांचा त्यांनीच केला. पुन्हा दवाखाना, पुन्हा पोरांच्या रजा... त्यापेक्षा गप्प बसावं. संध्याकाळची स्कूटर त्यांनी बंद केली होती. आम्हाला फोनवर सांगितलं होतं, 'पेट्रोल महाग झालंय'.

मी विचारलं, "पेपर वाचता येतो ना?"

"येतो की. पण तो गॅलरीत उजेडात वाचतो."

"आणि फोनचा ब्राइटनेस वाढवला तर?"

"मग दिसतं. पण पूर्वी एवढा उजेड लागायचा नाही गं. आता लागतो. म्हणजे डोळेच ना?"

यात तर्कात कुठे चूक आहे सांगा! चूक एकच, ती म्हणजे त्यांनी फोनवर विश्वास ठेवला. फोन कालच्याइतकाच उजळतोय असं गृहीत धरलं, म्हणून बदल झाला तो आपल्यातच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

फोन हातात घेतला. बटण दाबलं की स्क्रीन मिणमिणती. पट्टी वर ओढली की ठीक. थोडा वेळ बाजूला ठेवून पुन्हा उघडला की परत मिणमिणती. मग वरच्या कडेवर टॉर्च मारून पाहिला. काही फरक नाही. तेव्हा लक्षात आलं की काच नवी आहे. तीन आठवड्यांपूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानात बसवून घेतलेली, काळ्या किनारीची आणि जराशी सरकलेली. नखाने कड उचलून ती काढली, टॉर्च मारला, आणि स्क्रीन लख्ख.

झालं होतं असं. पुढच्या कॅमेऱ्याच्या आसपास उजेड मोजणारा एक बारीक सेन्सर असतो. भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, घरातल्या दिव्यात शंभर ते तीनशे, चांदण्यात एकाहूनही कमी. या आकड्यावरून फोन ठरवतो की स्क्रीन किती उजळायची. बाबांच्या सेन्सरवर काळी किनार बसली होती. त्याच्या लेखी सांगलीत तीन आठवडे रात्रच होती.

पण नुसती रात्र असून भागत नाही, रात्री या माणसाला किती उजेड लागतो हेही फोनला ठाऊक हवं. ते त्याला बाबांनीच शिकवलं होतं. झोपण्यापूर्वी ते अंथरुणात मेसेज वाचतात. शेजारी आईचा डोळा लागलेला असतो, तिच्या तोंडावर उजेड नको म्हणून पट्टी अगदी खाली ओढतात. अँड्रॉइडमध्ये २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून अशी सोय आली की तुम्ही कुठल्या उजेडात पट्टी कुठे नेता हे फोन बघत राहतो आणि पुढे तसंच आपणहून करतो. त्याने शिकून घेतलं की अंधारात या गृहस्थांना एवढंच लागतं. बायकोची झोप मोडू नये म्हणून केलेली गोष्ट त्याने बाबांची आवड म्हणून लिहून घेतली. काय केलं ते शिकला, का केलं ते त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. आणि मग भर दुपारी त्याने तीच 'आवड' त्यांच्यासमोर धरली.

आता माझा राग काचेवर नाही, दुकानदारावर तर नाहीच. शिकणाऱ्या फोनवरही नाही. रात्री डोळ्यांवर येणारा झगमगाट कमी होतो, बॅटरी वाचते, हे मान्य. माझा राग आहे तो न सांगता करण्यावर. पूर्वी टीव्हीला ब्राइटनेसचा गोल खटका असायचा. फिरवला की बदलायचा, नाही फिरवला तर तिथेच राहायचा. खटका कुठे आहे त्यावरून कळायचं की हे कुणी केलं. आता पट्टी आपली आपणच सरकते. स्क्रीनवर 'अंधार वाटला म्हणून उजेड कमी केला' अशी एक ओळ यायला काय हरकत आहे? चार्जर लावल्याची सूचना येते, वाढदिवसाची येते, मला नको असलेल्या सेलचीही येते. हीच तेवढी येत नाही.

दुसरं म्हणजे बंद करायचं बटण. आयफोनमध्ये २०१७ च्या अकराव्या आवृत्तीपासून ते ब्राइटनेसच्या पट्टीजवळ नाही, अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या आत जाऊन शोधावं लागतं. ज्याला मुळात अंधुक दिसतंय त्याने अंधुक स्क्रीनवर ते शोधायचं! हे म्हणजे किल्ली आत ठेवून कडी लावण्यासारखं झालं.

यावर नेहमीचं उत्तर असतं की बहुतेकांना हे बरं वाटतं. असेल. पण ज्यांना चालत नाही ते तक्रार करत नाहीत हो, ते स्वतःलाच दोष देतात. सत्तरीच्या माणसाला काही बिघडलं की पहिला संशय स्वतःच्या शरीराचा येतो. त्याची नोंद कुठल्याच कंपनीकडे होत नाही.

आणि आता आपल्याकडे येते. (दादा, तू वाचत असशीलच, तुझ्यासाठीही आहे हे.) बाबांनी आडून आडून एकदा विचारलं होतं, "फोन मधेच अंधारा होतो का गं?" मी मीटिंगमध्ये होते. म्हटलं, "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल, बघते नंतर." दादा तेच म्हणाला. नातवानेही तेच सांगितलं. सगळ्या घराने एका सुरात निर्दोष यंत्र आणि वेंधळे आजोबा असा निकाल दिला. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं. फोनने काय केलं ते निदान त्याला कळत नव्हतं. आम्हाला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तरीही बाबांना डॉक्टरांकडे नेलं, कारण अशी शंका घरच्या घरी मिटवायची नसते. आवरण स्वच्छ निघालं. परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "उगाच तुझा दिवस गेला." मी काहीच बोलले नाही. काय बोलणार होते?

संध्याकाळी जिन्याखालून स्कूटरची किक ऐकू आली. तीन-चार वेळा मारावी लागली, पण झाली चालू.

असो.

ता. क. : कुणाच्या घरी असंच होत असेल तर आधी पट्टी बघा. पट्टी खाली गेली असेल तर हा स्वयंचलित कारभार आहे. काच आणि कव्हर काढून टॉर्च मारून बघा, नाहीतर 'अ‍ॅडाप्टिव्ह' किंवा 'ऑटो' बंद करून हाताने ठेवा. पट्टी पूर्ण वर असूनही अंधारच असेल तर बॅटरी सेव्हर, 'एक्स्ट्रा डिम' किंवा तापलेला फोन. आणि हे सगळं बघायच्या आधी, ज्यांचा फोन आहे त्यांना नीट विचारा. त्यांना बरंच ठाऊक असतं.